लाटा आहेत, नळ कुठाय?

गुरुवार : मत्स्यगंधा एक्सप्रेस

फराळाचा डबा, दोन टॉवेल, सनस्क्रीनची मोठी ट्यूब आणि सईची मोजपट्टी एवढं सामान घेऊन दुपारी कुर्ल्याहून निघालो. सर्फिंगचे बोर्ड घेतले नाहीत. नऊ फुटी फळी स्लीपरच्या डब्यात ठेवायची कुठे, आणि ठेवलीच तर रत्नागिरीपर्यंत तिच्यावर कोण कोण बसणार, या विचारानेच दमायला होतं. कर्नाटकातल्या मुल्कीत भाड्याने मिळतात.

सई माझी भाची. लाटेवर सफाईने उभी राहते. मी चाळिशी उलटल्यावर शिकायला लागले, त्यामुळे माझा मुक्काम अजून किनाऱ्यालगतच्या पांढऱ्या फेसातच जास्त असतो. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पाला तिने विषय घेतलाय किनाऱ्यावरच्या सार्वजनिक सोयींचा. नळ, आडोसा, संडास, बाक. कॉलेजात कुणाला तरी तो विषय ‘फारच लहान’ वाटला म्हणे. रोहा गेल्यावर तिने वही काढली आणि पहिला प्रश्न मलाच टाकला.

"मावशी, पाण्यातून बाहेर आल्यावर तुला पहिल्यांदा काय हवं असतं?"

"चहा."

"त्याच्या आधी."

त्याच्या आधी काय हवं असतं ते समोरच्या बाकावर एक काका पाय पसरून बसलेले असताना सांगण्यासारखं नव्हतं. वहीत लिहून दिलं.

शुक्रवार : मुल्की आणि ससिहित्लू

मुल्की म्हणजे उडुपी आणि मंगळूर यांच्या मधलं, शांभवी नदीच्या काठचं गाव. भारतातल्या सर्फिंगचं मूळ शोधत गेलं की इथेच पोचतो. जॅक हेबनर नावाचे अमेरिकन गृहस्थ इथे आश्रम करून राहिले आणि गावातल्या पोरांना फळीवर उभं राहायला शिकवू लागले. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणत. सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया 2011 साली स्थापन झाली, तिचाही पाया याच पट्ट्यात. उभं राहून वल्हवायच्या फळीवर, म्हणजे स्टँड-अप पॅडलिंगमध्ये, नाव काढणारी तन्वी जगदीश मुल्कीचीच.

लाटांसाठी मात्र जरा दक्षिणेला ससिहित्लूला जावं लागतं. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या तिथे एकत्र होऊन समुद्राला मिळतात. नद्यांनी आणलेली वाळू मुखाशी साचते, पाण्याखाली वाळूचा दांडा तयार होतो आणि खोल पाण्यातून आलेली लाट त्याच्यावर अडखळून ठरावीक जागी फुटते. नुसत्या सरळ किनाऱ्यावर लाट एकदम सगळीकडे कोसळते. इथे ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोलत जाते. इंडियन ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा इथे भरते ती याच दांड्याच्या जिवावर.

पण हाच दांडा सोयींच्या मुळावर येतो. मुख सरकतं, पावसाळ्यात समुद्र किनारा खातो. पाण्याच्या जवळ पक्कं काही बांधावं तर ते काही वर्षांत वाळूत किंवा पाण्यात. आणि लांब बांधावं, तर ओल्या अंगाने फळी डोक्यावर घेऊन तेवढं चालायचं. सईचा पहिला धडा इथेच झाला. तिच्या चित्रात विटांची भिंत होती. दुपारपर्यंत ती खोडली गेली आणि तिथे बोल्ट काढून उचलून नेता येईल असा सांगाडा आला.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळ उलटत आली होती आणि पाणी खरबरीत झालं होतं. शिकवणारा अण्णा म्हणाला, उद्या सहाला या. याचं कारण कोकणातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो आणि तिला फुटायला उशीर लावतो. नऊ-दहानंतर खारा वारा सुरू झाला की सगळं विस्कटतं. म्हणजे लाटांवर जाणारी माणसं उजाडता उजाडता पाण्यात असतात आणि बाकीच्या पर्यटकांचा नाश्ता होतो तोवर बाहेर आलेली असतात. किनाऱ्यावरच्या सोयी कुठल्याही असोत, त्या सरकारी वेळेत उघडतात. दहाला उघडणाऱ्या संडासाचा सहाच्या माणसाला काय उपयोग? सईने वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘कुलूप नको’.

अण्णाला तिने तोच प्रश्न विचारला. तो हसला आणि फळी पायाला बांधून ठेवणाऱ्या दोरीचा, म्हणजे लीशचा, पट्टा उलटा करून दाखवला. आत, व्हेल्क्रोच्या मागे, बोटाच्या पेराएवढा एक चोरकप्पा असतो. किल्लीसाठी. "आधी या कप्प्यात बाइकची किल्ली जायची," तो म्हणाला, "आता लोक गाडी घेऊन येतात. तिच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक्स. पाणी लागलं की गेली." मग लोक काय करतात? टायरवर ठेवतात, नारळाच्या बुंध्यात ठेवतात, चहावाल्याकडे देतात. चहावाल्याच्या टपरीत एका डब्यात सात-आठ किल्ल्या खुळखुळत होत्या. त्याने कुणाला पावती दिली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. सईने डब्याचं माप घेतलं.

शनिवार : पहाटे ससिहित्लू, मग पडुबिद्री

सहाला पाण्यात. लाटा कंबरेएवढ्या, माझ्यासारख्यांना पुरे. सई दांड्याच्या पलीकडे निघून गेली.

ती गेली कशी, हे सांगण्यासारखं आहे. किनाऱ्यावर चढलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. ते एका चिंचोळ्या वाटेने जोरात मागे फिरतं, त्याला रिप म्हणतात. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून ती शांत दिसते. पर्यटक नेमका तिथे उतरतो, कारण ‘इथे पाणी निवांत आहे’. मग आत ओढला जातो, ओढीच्या उलट पोहत राहतो आणि दमतो. खरं तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं असतं. सर्फर त्याच ओढीवर बसून फुकटात आत जातात. त्यामुळे बुडणारा माणूस सगळ्यात आधी दिसतो तो सर्फरला, आणि आधाराला सगळ्यात जवळ असते ती त्याचीच फळी. अण्णाने आजवर किती जणांना बाहेर काढलं ते त्याने सांगितलं नाही. "लाइफगार्ड पाहिजे," एवढंच म्हणाला, "नाहीतर तो मीच असतो, आणि माझा क्लास सुरू असतो."

म्हणजे हवंय काय, तर ओढ नेहमी कुठे लागते ते दाखवणारा साध्या चित्राचा फलक, खांबाला टांगलेली रिंग आणि दोर, आणि शिट्टीवाला एक माणूस. यात सर्फरांचे लाड कुठेच नाहीत.

दहाच्या सुमारास उत्तरेकडे, उडुपी जिल्ह्यातल्या पडुबिद्रीला गेलो. हा ‘ब्लू फ्लॅग’ किनारा. डेन्मार्कमधली एक संस्था 33 निकष लावून हे मानांकन देते; 2020 साली भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळालं, त्यात कर्नाटकातले कासरकोड आणि पडुबिद्री होते. शॉवर, कपडे बदलायच्या खोल्या, प्यायचं पाणी, कचऱ्याचे वेगळे डबे, व्हीलचेअरसाठी वाट, जीवरक्षक. सईला तर कुठे पाहू आणि काय मोजू असं झालं.

मला सगळ्यात आवडलं ते या मानांकनातलं पाण्याच्या तपासणीचं कलम. आंघोळीच्या पाण्यात ई. कोलायसारखे जिवाणू किती आहेत ते ठरावीक काळाने तपासायचं आणि निकाल लोकांना दिसेल असा लावायचा. सर्फर दर पडण्याला घोटभर समुद्र पितो. सांडपाण्याचा नाला दोनशे मीटरवर समुद्राला मिळतो की नाही, आणि काल पाऊस पडून तो वाहिलाय का, हे कळणं आमच्या दृष्टीने शॉवरपेक्षा मोठी सोय आहे. मुंबईत राहून हे लिहिताना हसू येतं, ते सोडा.

आणि तरीही पडुबिद्रीत आमच्या फळीला काम नव्हतं. पोहायची जागा दोर आणि तरंगत्या गोळ्यांनी आखलेली, आणि ते योग्यच आहे. नऊ फुटी फळी लाटेसकट एखाद्या पोराच्या डोक्यावर आली तर काय होईल ते सांगायला नको. जगभर यावर साधा तोडगा आहे : लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहणारे, काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या झेंड्यांच्या मध्ये फळ्या. चार बांबू आणि थोडं कापड. आपल्याकडे लाल-पिवळे झेंडे दिसतात, काळे-पांढरे मी अजून कुठे पाहिले नाहीत.

सोयी एका किनाऱ्यावर आणि लाटा दुसऱ्या. पण पडुबिद्री उचलून ससिहित्लूला आणा, असं मी म्हणणार नाही. तिकीटखिडकी आली की वेळ येते, वेळ आली की कुलूप येतं. ससिहित्लूला त्यातला दहावा हिस्सा पुरे.

रविवार : प्रवासात

कापूच्या किनाऱ्यावर खडकावरचं 1901 सालचं दीपगृह बघितलं, उडुपीत जेवलो, रेल्वेने गोकर्ण रोड. स्टेशनपासून रिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्यात मुल्कीत दिवसभर बोर्ड मिळतो. सई डब्यात झोपली, मी अनारसे संपवले.

सोमवार : गोकर्ण

गोकर्णाला मराठी माणूस महाबळेश्वराच्या दर्शनाला, नाहीतर पितरांचं काही करायला येतो. आधी समुद्रस्नान, मग कोटितीर्थ, मग देऊळ. देवळापासून थोडं चालत गेलं की मुख्य किनारा, आणि त्याच किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे असतात. सकाळी सातला आमच्या एका बाजूला फळ्या, दुसऱ्या बाजूला धोतरं.

सोलापूरकडचं एक कुटुंब होतं. आजी, दोन सुना, एक मुलगा, नातवंडं. आजींनी सईच्या बोर्डावर टकटक करून पाहिलं.

"कसली गं ही फळी?"

"लाटेवर उभं राहायची, आजी."

"पडत नाहीस का?"

"पडते की. रोज."

"मग रोज कशाला जातीस?"

सईला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात आजींचं स्नान आटोपलं आणि खरी कसरत सुरू झाली. दोन्ही सुनांनी एक कोरं नऊवारी उलगडलं, दोन टोकं धरली आणि आजींच्या भोवती आडोसा केला. वारा नेमका सुटलेला. एक टोक सुटलं की दुसरी सून ओरडायची, "अगं धर, धर!" मुलगा पाठ करून उभा, हातात बिसलेरीची बाटली; अंगावरचं खारं पाणी आणि वाळू धुवायला तेवढंच गोडं पाणी. एका बाटलीत आजींचे पाय सुद्धा धड धुतले गेले नाहीत. आजी बाहेर आल्या, सईकडे पाहिलं. ती ओल्या रॅश गार्डमध्ये, म्हणजे पाण्यात घालायच्या घट्ट सदऱ्यात, टॉवेल गुंडाळून उभी होती.

"ये, तूही उरकून घे. ह्या धरतील."

सईने आत जाऊन कपडे बदलले. वारा चालूच होता आणि मी तिसरं टोक धरलं.

यानंतर तिच्या वहीत बराच बदल झाला. तोपर्यंत ‘सर्फरांना हव्या असलेल्या सोयी’ असा मथळा होता. तो तिने काढून टाकला. पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला जे हवं, तेच यात्रेकरूला हवं आणि जाळं ओढून परतलेल्या रापणकरालाही हवं. गोड्या पाण्याचा नळ, पाय धुवायला खालचा आणि डोक्यावर घ्यायला वरचा. आपोआप बंद होणारा, कारण किनाऱ्यालगतच्या विहिरी जास्त उपसल्या की त्यांत खारं पाणी शिरतं. खाली फरशी किंवा लाकडी जाळी, नाहीतर धुतलेले पाय पुन्हा चिखलात. सांडलेलं पाणी सुरूच्या झाडांना. आत एक कोरडी फळी आणि डोक्याएवढ्या उंचीवर खुंटी, कारण कपडे बदलताना बाईला तीन हात लागतात. आणि कडी. आतून लागणारी कडी.

फळीसाठी वेगळं म्हणाल तर फक्त एक गोष्ट : फळ्या आडव्या ठेवायची सावलीतली घडवंची. भर उन्हात ठेवलेला बोर्ड तापतो, आतली हवा फुगते आणि वरचा थर सुटायला लागतो. दुपारी त्याच घडवंचीवर कुणी जाळं टाकलं तरी आमची हरकत नाही.

मंगळवार : नाव न घेतलेला किनारा

गोकर्णापासून गाडीने उत्तरेकडे गेलो. कुणीतरी सांगितलेली लाट पाहायला. गावाचं नाव लिहीत नाही. अशी गावं कर्नाटकात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे आहेत आणि प्रत्येकाला वाटेल हे आपलंच.

सुशोभीकरण झालेलं होतं. किनाऱ्याच्या कडेने काँक्रीटची भिंत, तिच्यावर रंगीत फरशीचा रस्ता, शोभेचे दिवे, सेल्फीसाठी माणसापेक्षा उंच अक्षरं. पाण्यात उतरायला भिंतीतूनच पायऱ्या, भरतीला शेवाळ धरलेल्या. एका टोकाला टाइल लावलेलं प्रसाधनगृह, बाहेर उद्घाटनाची पाटी आणि दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे असते ते चौघांना विचारलं. चौघांनी चार नावं सांगितली.

लाट होती, म्हणजे एकेकाळी होती असं तिथला एक मुलगा म्हणाला. उतरती वाळू लाटेचा जोर हळूहळू पिते. उभी भिंत तो परत फेकते. आलेली लाट आणि उलट फिरलेलं पाणी यांची टक्कर होते, पायथ्याची वाळू उपसली जाते, किनारा खोल होतो. मग भरतीला लाट फुटतच नाही, नुसती भिंतीवर आदळते. सर्फरला नको असलेली सोय कुठली असं कुणी विचारलं तर ही. ज्या पैशात ही झाली त्यात शंभर नळ झाले असते, हा माझा अंदाज आहे. सई म्हणते जास्त होतील.

गंमत म्हणजे कायदा नळाच्या आड येत नाही. जानेवारी 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत किनाऱ्यावर तात्पुरत्या स्वरूपाच्या सोयींना, म्हणजे स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, शॉवर, प्यायचं पाणी, बसायची जागा यांना वाव आहे. भरतीरेषेपासून किमान 10 मीटर सोडायचे. सईने अंतर टेपने मोजून पाहिलं. जागा भरपूर होती.

बुधवार : अश्वे, गोवा

गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे, आणि मुल्कीहून आलेल्याला तो फरक लगेच जाणवतो. पाण्यात असताना कुणीतरी आपल्याकडे बघतंय, या भावनेने माझं पडणंसुद्धा सुधारलं. पेडण्याचा एक जीवरक्षक मराठी-कोंकणी मिसळून बोलला. त्याला विचारलं, सर्फर त्रास देतात का? "तुम्ही बरे," तो म्हणाला, "जेट स्की वाल्यांक सांभाळूक जाय." लाटा फुटतात त्या पट्ट्यात मोटार नको, हे आमच्याही वहीत होतंच.

सईने दिव्यांचा प्रश्न काढला. पहाटे अंधारात आलं तर वाटेवर उजेड हवा. पण इथून जवळच मोरजीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालायला लागतात, समुद्राऐवजी हॉटेलकडे. तेव्हा उंच खांबाचे दिवे बाद. वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे, वरून झाकलेले, तेही किनाऱ्याच्या आत नाहीत. इथे आम्हाला आमची मागणी सोडावी लागली आणि सोडताना जड गेलं नाही.

गुरुवार : मालवण तालुका

परतताना मामेभावाकडे. आपा आमच्या गावच्या ग्रामपंचायतीवर आहे. गावाला साडेतीन किलोमीटर किनारा, सुरूचं बन, रापण आणि शनिवार-रविवार येणाऱ्या गाड्या. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा शिकवायचं केंद्र झालं, तेव्हापासून तालुक्यात प्रत्येकाला पाण्यातून काहीतरी मिळेल असं वाटतं. सर्फिंग आमच्याकडे अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. पावसानंतर खाडीच्या मुखाशी दांड्यावर लाट बरी फुटते, ती सईने संध्याकाळीच जाऊन पाहून ठेवली.

जेवणं झाल्यावर तिने मधल्या खोलीत कागद पसरले. दोन नळ, दोन आडोसे, एक संडास, किल्ल्यांना दहा कप्पे, घडवंची, झेंड्यांचे बांबू. आपाने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"पैशे मेळतीत," तो म्हणाला. "बांधूक कोणय देता. झाडतलो कोण?"

यावर सईकडे उत्तर होतं. बचत गटाच्या बायकांकडे द्यायचं, संडासाला दहा रुपये, नळ फुकट, किल्लीच्या कप्प्याला वीस. पहाटे सहाला कोण उघडणार, यावर मात्र अडलं. आपाची बायको ओटा पुसता पुसता आतूनच म्हणाली, रापणीच्या बायका पाचला उठून तिथेच जातात, त्यांना आत्ता जायला जागा नाही, त्या उघडतील. आणि त्यांच्याकडून दहा रुपये घ्यायचे नाहीत.

"घेवचे नाय," आपाने मान्य केलं. मग पेन्सिल मागून घेतली आणि चित्रावर फुली मारली. "दरवाजो दर्याकडे ठेव नको गो. पावसातलो वारो कडी मोडून टाकतलो. हेका सुरूकडे फिरव. आणि मे संपलो काय सगळा सोडवून गोदामात ठेवूचा लागतला, तेवा बोल्ट स्टीलचे घाल. लोखंड एक पावस काढूचा नाय."

सईने खोडरबर शोधायला सुरुवात केली. आपाने विचारलं, ती फळी भाड्याने कितीला मिळते.